कचकड्यातला अंगठा

चिमाचा अंगठा तिच्या आईवर गेला होता. चेहरा बापाचा, उंची बापाची, अंगठा मात्र आईचा. रुंद, चपटा, आखूड नखाचा. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी तिला त्यावरून चिडवलं, की तुला भाकरी थापायची गरज नाही, अंगठा टेकवलास तरी भाकरी होईल. ती म्हणाली, "मंग उद्यापासून तुमीच थापा. तुमची बोटं लय नाजूक हायत ना." मी रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढणारा माणूस, माझी बोटं नाजूकच होती. दुसऱ्या दिवशी जेवायला मिळालं, पण चांगलं तासभर ताटकळत ठेवून.

कर्जत स्टेशनापलीकडे पुलांची कचेरी होती, तिथं मी बारा वर्षं काढली. घाटात ठाकुरवाडीच्या वर नवे बोगदे खणत होते, त्या वेळची ही गोष्ट. सत्तावीस-अठ्ठावीस साल असेल. कचेरीतले लोक मला येसाजीराव म्हणत आणि पाठीमागं तिखट येसाजी म्हणत. दोन्ही मला ऐकू येई. माझा राग नाकावर असतो हे मी नाकारत नाही. चूक दिसली की मला गप्प बसवत नाही, आणि जगात चुका फार.

आमचा आधीचा साहेब हौशी होता. त्यानं विलायतेहून एक यंत्र आणवलं होतं. पुलाच्या कमानीवर वजन आलं की आत कुठं ताण पडतो ते दगडात दिसत नाही. म्हणून कमानीचा वीतभर नमुना कचकड्यातून कापायचा. कचकडा म्हणजे ज्याच्या बाहुल्या बाजारात येतात तोच, फक्त रंग न घातलेला, काचेसारखा आरपार. तो नमुना दोन काळ्या काचांच्या मधे ठेवायचा. खालची काच उजेडाला एकदा गाळून घेते, वरची त्याला आडव्या बाजूनं पुन्हा गाळते, आणि दोन गाळण्यांतून काहीच उरत नाही. नमुना काळा दिसतो. मग त्याला जरा दाबलं की जादू. जिथं ताण पडला तिथून उजेड निसटायला लागतो, आधी राखाडी, मग पिवळा, मग लाल, निळा, हिरवा. जितका जोर जास्त तितकी रंगांची गर्दी. जोर काढला की सगळं परत काळं.

साहेबाची बदली झाली आणि यंत्र त्याच्याबरोबर पेटीत बसून गेलं. नव्या साहेबाला असल्या खेळात रस नव्हता. पण वर्षभर ते यंत्र पुसायचं काम माझ्याकडे होतं, त्याची नस न् नस मला ठाऊक होती. मी चहाचं एक रिकामं खोकं आणलं. काचेच्या दोन पट्ट्यांना मागून काजळी लावून त्या आत तिरक्या बसवल्या, कारण अशा काळ्या काचेवरून तिरका परतणारा उजेडही तसाच गाळला जातो. एका बाजूला डोळा लावायला भोक ठेवलं. दुसऱ्या बाजूला एक लांब फट ठेवली. आत दोन खिळे मारले, म्हणजे नमुना खिळ्यांना टेकवून ठेवायचा, त्याची पाठ फटीशी येते, आणि बाहेरून अंगठ्यानं दाबता येतं. अंगठा आतून दिसत नाही, नुसते रंग दिसतात. साहेबाच्या यंत्रालाही इतकी सुटसुटीत सोय नव्हती.

आता अडचण कचकड्याची. बाजारात एका टपरीवर मला जपानी कंगवा मिळाला, स्वच्छ पारदर्शक, चांगली जाड पाठ असलेला. तो कापून त्यातून कमान काढायची, असा माझा बेत. चिमानं तो माझ्या हातातून घेतला, उन्हात धरला, आणि म्हणाली, "कमान मंग करा. आधी माझे केस." कंगवा गेला तो गेलाच.

दोन महिन्यांनी नहाणीतून ती हसत बाहेर आली. केसांत गुंता झाला होता. कंगवा तेलकट झाला म्हणून तिनं तो कढत पाण्याच्या हंड्यात बुचकळला, तसाच गुंत्यात घातला, आणि पाठीवर अंगठा ठेवून जोर दिला. गरम कचकडा मऊ होतो. कंगव्याची पाठ मधोमध खचली, आणि अंगठा तसाच दाबलेला ठेवून तिनं गार पाण्याचा तांब्या ओतला, तेव्हा ती तशीच राहिली. "मोडला नाय, वाकला," ती म्हणाली, आणि तिला त्याचं फार हसू येत होतं. मला आलं नाही. नव्या वस्तूची वाट लावलीस, तुझ्या हातात काही म्हणून टिकत नाही, असं बरंच बोललो. ती हसायची थांबली. मग म्हणाली, "तुमी नका सरळ करू. माझी आई करल. ती कचकड्याच्या चेपलेल्या बांगड्या करते नीट."

कार्तिकात तिला हिवताप झाला आणि नवव्या दिवशी ती गेली. पंचवीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. घरात मी आणि भांडी राहिलो.

त्यानंतरचे दोन-तीन महिने मला नीट आठवत नाहीत. कचेरीत जात होतो, रेघा मारत होतो. घरी आलं की प्रत्येक वस्तू अंगावर येई. खोटं कशाला बोलू, एका संध्याकाळी मी तो कंगवा कापायला काढला. डोळ्यांसमोर नको, त्यापेक्षा त्याची कमान होऊ दे, असं ठरवून करवत घेऊन बसलो. कापायच्या आधी कचकडा निर्दोष आहे का बघावं, एवढ्यासाठी तो खोक्यात ठेवला आणि डोळा लावला.

सगळा कंगवा काळा. आणि पाठीच्या मधोमध, वरच्या कडेला टेकलेला, एक रुंद लांबट ठसा. आत पिवळा, भोवती लाल, त्याच्या भोवती निळा, कडेला हिरवी किनार. मी काही दाबलेलं नव्हतं. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

काय झालं होतं ते मला कळायला वेळ लागला नाही. गरम असताना दाबला आणि त्या दाबातच गार झाला, की ताण आत कायमचा राहतो. साहेबाच्या यंत्रातही कधी कधी असा तुकडा निघे. साहेब त्याला सदोष म्हणायचा. मग तो तुकडा मी उकळत्या पाण्यात सोडायचो, आपोआप सरळ व्हायचा, सावकाश निवू द्यायचा, आणि रंग पार निघून जायचे. पन्नास तुकडे असे मी धुऊन काढले असतील. आणि आता तोच दोष माझ्या पुढ्यात होता. तिनं गुंत्यावर दिलेला तो सगळा जोर, तिच्या अंगठ्याच्या रुंदीसकट, तिथं जसाच्या तसा होता. करवत मी कोपऱ्यात ठेवली आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर रडलो.

तेव्हापासून माझा नेम झाला. कचेरीतून यायचं, हातपाय धुवायचे, पश्चिमेच्या दारात खोकं ठेवायचं आणि उजेड असेपर्यंत बघायचं. उल्हास नदीच्या पलीकडं ऊन उतरलं की रंग मंद होत, मग मी कंगवा फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवी. कचकडा पटकन पेट घेतो, म्हणून चुलीपासून लांब. पावसाळ्यात ढगांनी आभाळ भरून आलं की काही दिसत नसे आणि माझा सगळा दिवस फुकट गेल्यासारखा वाटे. हे मी कुणाला सांगितलं नाही. कचेरीत तर नाहीच, पण शेजारच्या आनंदीबाईंनाही ताकास तूर लागू दिली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्या मुठीत तेवढं एकच होतं.

आणि गोदूबाईंनाही सांगितलं नाही. इथं माझी चूक झाली.

गोदूबाई म्हणजे चिमाची आई. कडावला राहत. नवरा लवकर गेलेला, चिमा एकुलती एक. दिराची दुधाची गाडी पहाटे कर्जतला यायची, दुधाच्या चरव्या मुंबईच्या गाडीत चढायच्या. दर रविवारी गोदूबाई त्या बैलगाडीच्या मागच्या टोकाला बसून यायच्या, परतताना तीच रिकामी गाडी त्यांच्यासाठी थांबायची. पदर कपाळावर ओढून, माझ्याकडं तोंड न करता, आत शिरायच्या. झाडलोट, शेणसारवण, दोन दिवसांच्या भाकऱ्या, माझे धोतर-सदरे. "बरं हाय न्हवं, जावईबापू?" "बरं आहे, मामी." एवढंच बोलणं. त्यांच्या घराण्याची रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. लेक गेली, मूल झालंच नाही, रीत मात्र राहिली. त्या कडावहून स्वतःच्या पाण्याचा तांब्या आणायच्या. तांब्यातलं पाणी संपलं की समजायचं, आता त्या उठणार. उन्हाळ्यात त्या लवकर उठायच्या.

मला त्यांचं येणं आवडत नसे, हेही सांगून टाकतो. चिमा माझी गेली होती. या बाई दर रविवारी येऊन, तिच्यासारखीच पावलं टाकत, तिच्याच अंगठ्यानं भाकरी थापत, मला माझ्या घरात पाहुणा करून टाकत. एकदा झाडताना त्यांनी खोक्यापाशी हात थांबवला. "ह्यात काय हाय?"

"कचेरीचं काम आहे," मी म्हणालो. "हात लावू नका."

त्यांनी कधीच लावला नाही.

वर्षश्राद्ध झालं, पुढचा भाद्रपद आला. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची तिथी अविधवा नवमी. त्या दिवशी सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची, फणी, करंडा, बांगड्या असं वाण द्यायचं. चिमाची ही पहिलीच नवमी. गोदूबाई आदल्या संध्याकाळीच आल्या, आनंदीबाईंकडे निजल्या. सवाष्ण म्हणून आनंदीबाईंनाच सांगितलं होतं. वाणासाठी नवी लाकडी फणी गोदूबाईंनी बाजारातून आणली होती. सकाळी मी दोन तास कचेरीत जाऊन येतो म्हणालो. घाटातला एक नकाशा अडला होता.

परत आलो तेव्हा ताट वाढून तयार होतं. पाटापुढं तबकात खण, नारळ, नवी फणी, हिरव्या बांगड्या. आणि त्यांच्या शेजारी, स्वच्छ, लखलखीत, सुतासारखा सरळ, चिमाचा कंगवा.

मी तो उचलला. अजून किंचित कोमट होता.

"बघा, कसा सरळ झाला," गोदूबाई चुलीकडे तोंड करून म्हणाल्या. आवाजात समाधान होतं, इतक्या दिवसांत मी ते ऐकलं नव्हतं. "उकळत्या पाण्यात सोडला, आपसूक आंग सरळ केलं त्यानं. मंग पाटावर निवत ठेवला."

माझ्या तोंडात जे आलं ते सांगण्यासारखं नाही. सवाष्ण दारात उभी होती म्हणून ते बाहेर पडलं नाही. एवढंच विचारलं, "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"चिमीनं," त्या म्हणाल्या. "तापात व्हती तवा. म्हणली, आई, माझा कंगवा तेवढा सरळ करून दे, ते लय बोलले मला. मी म्हणलं करते. मंग ऱ्हाऊनच गेलं. आज तिची तिथ. तिचं मागणं कसं ठेवायचं?"

मी कंगवा तबकात ठेवला. आनंदीबाई जेवल्या. मी काय जेवलो मला माहीत नाही. ओटी भरली, वाण दिलं, त्या गेल्या.

गोदूबाई मागं भांडी घासत होत्या. मी फळीवरून खोकं काढलं, दारात ठेवलं, कंगवा खिळ्यांना टेकवला आणि डोळा लावला. आभाळ नेमकं निवळलं होतं, उजेड इतका छान मला महिन्यात मिळाला नव्हता. कंगवा काळा होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा. मी भोकावरून डोळा काढला, पुसला, परत लावला. मला ठाऊक होतं. पन्नास तुकडे मी स्वतः धुतले होते. तरी मी तिथं बसून राहिलो, आणि मला वाटलं, आता चिमा खरी गेली.

मागं पाण्याचा आवाज थांबला. गोदूबाई पदराला हात पुसत उंबऱ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. दिवसभर उपाशी होत्या, तांब्यातलं पाणी कधीच संपलं असणार.

"जावईबापू, तिचा कंगवा त्यात कशापायी ठेवलाय?"

मी वळलो ते सांगायलाच. तुम्ही काय केलंत ते तुम्हाला कळू दे, असंच मनात होतं. तिच्या अंगठ्याचा एक ठसा या जगात राहिला होता, तो तुम्ही उकळून काढलात. वाक्य तयार होतं. मी म्हणालो, "मामी, या कंगव्यात चिमाचा अंगठा..."

"अंगठा हाय?" त्या म्हणाल्या.

होता आणि आहे यांत फार अंतर नसतं. त्यांनी पदर कपाळावरून मागं सारला होता. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदाच सरळ बघितलं. त्यांचे डोळे चिमासारखे मुळीच नव्हते, पण असं काही मागताना चिमा जशी बघायची, तशाच त्या बघत होत्या. आणि मला अचानक आठवलं, की "हात लावू नका" असं मीच म्हणालो होतो. त्यांना हे बघायला दिलं असतं, तर त्यांनी या कंगव्याला गरम पाण्याचा थेंब लागू दिला असता का? चूक शोधायची माझी सवय, आणि चूक माझ्याच घरात माझ्याच नावावर निघाली.

"हो," मी म्हणालो. "आहे. बसा, दाखवतो."

त्या बसल्या. भोकाला डोळा कसा लावायचा ते मी दाखवलं. त्या वाकल्या, पदर पुढं आला, खोक्याच्या पलीकडचं त्यांना काही दिसेनासं झालं. मी फटीपाशी उकिडवा बसलो आणि कंगव्याच्या पाठीवर, मधोमध, अंगठा दाबला. जितका दाबता येईल तितका.

मग त्यांचा हात हळूच वर आला आणि खोक्याच्या लाकडावर टेकला.

"रंग हायत," त्या म्हणाल्या. "लाल हाय. हिरवं हाय कडंला."

"हो."

"हे तिचंच न्हवं?"

खोटं बोलायचं मला जमत नाही, असं कचेरीत सगळे म्हणतात. "तिचंच," मी म्हणालो.

"तसाच चपटा हाय," गोदूबाई म्हणाल्या.

माझा अंगठा कळ मारायला लागला होता. नखाखालचं रक्त हटून नख पांढरं पडलं होतं. त्या डोळा काढेपर्यंत मी तो उचलला नाही. माझ्या त्या नाजूक अंगठ्याचा ठसा त्यांना चपटा दिसला होता. आईला दिसतं ते दिसतं, मी मनाशी म्हटलं.

पुढच्या रविवारी त्या आल्या आणि झाडलोट करण्याआधीच म्हणाल्या, "जरा दाखवता का?" मी दाखवलं. त्याच्या पुढच्या रविवारीही. मग ते ठरूनच गेलं. पोचल्यावर उजेड चांगला असेल तर आधी ते, नसेल तर भाकऱ्या झाल्यावर. मी फटीशी असा बसे, की सहज बसलोय असं वाटावं. कधी उजवा अंगठा, दुखला की डावा. हात बदलताना रंग जातात, म्हणून त्या बोलण्यात रमलेल्या असताना बदलायचा. कारण आता त्या बोलायला लागल्या होत्या. डोळा भोकाला लावूनच बोलायच्या. चिमा सहा वर्षांची असताना कोंडाण्याच्या लेण्यात हरवली आणि दगडी खांबाला पाठ टेकून झोपलेली सापडली. चिमाला कैरी खाल्ली की शिंका येत. चिमानं एकदा गोठ्यातल्या पारडीला स्वतःची फणी लावली होती. मी तिच्याशी पाच वर्षं संसार केला आणि यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी दाबत बसे आणि ऐकत बसे.

उरलेले सहा दिवस मी खोक्याकडे फिरकत नसे. हात लांब करून स्वतः दाबता येतं आणि स्वतः बघताही येतं. एकदा करून पाहिलं. रंग आले, सगळे आले, आणि मी काढले तसे गेले. ते माझेच होते. आपणच दाबायचं आणि आपणच बघायचं, यासारखं एकटं दुसरं काही मला माहीत नाही. मग संध्याकाळी मी दारात नुसताच बसू लागलो. आनंदीबाई एकदा म्हणाल्या, "येसाजीराव, दुसरं लग्न करा." मी त्यांच्याशी महिनाभर बोललो नाही.

फाल्गुनातला एक रविवार. शिमगा चार दिवसांवर आला होता, पोरं लाकडं चोरत हिंडत होती. गोदूबाई आल्या, तांब्या कोनाड्यात ठेवला, घर झाडलं, भाकऱ्या केल्या, पाणी पिऊन तांब्या पालथा घातला. आज काही बघायचं म्हणाल्या नाहीत. मला वाटलं, निघाल्या. मनात आलं, अंगठ्याला सुटी. मग लगेच वाटलं, आज कुणी चिमाचं नावही काढणार नाही.

पण त्या दारात आल्या, खोक्यापाशी बसल्या. भोकाच्या बाजूला नाही. फटीच्या बाजूला.

"तिकडं बसा तुमी," त्या म्हणाल्या. "आज मी धरते. तुमी बघा."

"काय धरता?"

"जावईबापू, मी कडावची हाय, खुळी नाय."

मी नकळत अंगठा मुठीत घेतला.

"पयल्याच दिवशी कळलं व्हतं मला," त्या सावकाश म्हणाल्या. त्यांचं बघणं खोक्याकडं होतं. "रंग थरथरत व्हते. जित्या माणसाचा हात थरथरतो. गेलेल्याचं काय थरथरल? न् तुमचा अंगठा बघितला मी निघताना. लालभडक झाल्याला." मग त्यांनी विचारलं, "तिचं खरं व्हतं त्यात. न्हवं? न् म्या गरम पाणी घातलं."

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "हो," मी म्हणालो. "पण मी तुम्हाला कधी दाखवलंच नाही, मामी. दाखवायला हवं होतं."

त्यांनी मान हलवली. ती कशाला हलवली, मला कळलं नाही. त्या रडल्या नाहीत. मी रडलो, आणि सासूसमोर जावयानं रडू नये ही रीत त्या दिवशी मोडली.

"बसा," त्या म्हणाल्या.

मी भोकाला डोळा लावला. काळा कंगवा, काळे दात. मग पाठीच्या मधोमध राखाडी उजेड आला, पिवळा झाला, पसरला. लाल आला. त्याच्या भोवती निळा, आणि कडेला हिरवी किनार. रुंद, लांबट, चपटा. माझ्या अंगठ्यानं तसा कधीच उमटला नव्हता. त्या एका वेळेखेरीज सहा महिने मी बघितलंच नव्हतं, म्हणून मला हे ठाऊक नव्हतं. तो ठसा मी दीड वर्ष रोज संध्याकाळी पाहिला होता, मला तो कुठंही ओळखू आला असता. फक्त तेव्हा तो स्थिर होता आणि आता थरथरत होता.

"दिसला का?"

"दिसला."

"तिचाच न्हवं?"

"तिचाच, मामी."

बाहेर दुधाच्या गाडीचे बैल मान हलवायला लागले होते, घुंगरं वाजत होती. दिराच्या गड्यानं एकदा हाक मारली. मी डोळा काढायला लागलो.

"बघा निवांत," गोदूबाई म्हणाल्या. "गाडी जाऊ दे. मी सांजच्याला चालत जाईन."

"पण तुमचं पाणी संपलंय," मी म्हणालो.

"मंग तुमच्या माठातलं घेईन," त्या म्हणाल्या, आणि अंगठा अजून जरा दाबला.